तिकडं रस्त्यानं कसं चालावं लागते?

भाऊ, तू लिहिलंस, "ताई, दारव्ह्याकडून थेट जर्मनीत आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत करत शिकायला, चाललो. तिकडं रस्त्यानं कसं चालावं लागते? हसं नको व्हायला." व्हिसा, बँकेचं खातं, भाषेची परीक्षा याचं सगळं तुला कुठंही सापडेल. चालण्याबद्दल आजवर मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून बसले लिहायला. मी दिग्रसकडची, आठ वर्षांपासून लाइपझिगला आहे.

आधी कामाचं. एक गोल निळी पाटी दिसेल, तिच्यावर माणसं आणि सायकल. मध्ये आडवी रेघ असली तर वाट दोघांची मिळून. उभी रेघ असली तर सायकलची बाजू वेगळी, तिच्यात पाऊल टाकू नको. मी पहिल्याच आठवड्यात टाकलं. मागून घंटी वाजली, मी वळून बघतच उभी राहिले आणि भरपूर ऐकून घेतलं. आपल्याकडं पांदणीत कापसाची बंडी समोरून आली की आपण गुमान धुऱ्यावर चढतो. भरल्या बंडीचे बैल थांबवायचे नसतात, हे कोणी शिकवावं लागत नाही. इथली सायकल म्हणजे ती बंडी समज. घंटी वाजली की उजवीकडं सरक, मागं पाहत बसू नको.

सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. ट्राममधून उतरणारे आधी, चढणारे मग. चौघांनी रस्ताभर पसरून चालायचं नाही. यात अवघड काही नाही, शेगावच्या दर्शनबारीत आपण मुकाट चालतोच ना.

सिग्नल लाल असला तर रस्ता रिकामा असूनही थांब. दंड ५ युरोच आहे, पण लेकरांसमोर ओलांडलास तर एखादी आजीबाई भर चौकात झाडते. सिग्नलमधला टोपीवाला माणूस १९६१ साली पूर्व बर्लिनमध्ये कार्ल पेग्लाऊ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं काढलेला. पोरांना तो फार आवडतो.

कागदांचं बोलणार नव्हते, पण एक सांगतेच. आमच्या पोराच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकानाच कोरा होता. तेवढ्यापायी भासऱ्यांनी तालुक्याला किती चकरा मारल्या, ते अजून दर फोनवर निघतं. तुझा दाखला आजच काढून बघ.

आणि तू विचारलं नाहीस, तरी हेही. इथं पहिलीतली पोरं पायी, एकटी शाळेत जातात. मी दोन महिने हात धरून दारापर्यंत नेलं. पालकसभेत बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, अशानं मूल स्वतंत्र होत नाही. माझ्याकडं उत्तर होतं, जर्मन नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्याला एकटं सोडलं आणि पन्नास पावलं मागं, उभ्या गाड्यांच्या आडून चोरासारखी जाऊ लागले. आता जर्मन येते, पण सभा संपून सहा वर्षं झाली. भांडी घासताना अजून बोलते मी त्या बाईंशी. म्हणते, मीही सहा वर्षांची असताना पायीच जायची, चांगली दोन किलोमीटर. पण एकटी कुठं होते? निंदणाऱ्या बाया, पारावरचे म्हातारे, गिरणीवाली काकू, जो तो विचारायचा, "कुठी चालली वं पोरी?" तेव्हा राग यायचा त्याचा. इथं मी हात सोडल्यावर माझ्या पोराला असं विचारणारं कोण होतं?

एकटेपणाचं म्हणशील तर सुरुवातीला वाटतं, मग कामाला लागतो माणूस.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. पोरगा आता बारा वर्षांचा आहे. पांदणीतही उजव्या कडेनं सरळ रेषेत चालत होता, मला हसू येत होतं. समोरून एक म्हातारबाबा आले. थांबले, म्हणाले, "कोणाचा रे तू?" त्यानं मला जर्मनमध्ये विचारलं, यांना कशाला सांगायचं? मी काही बोलायच्या आत तो आणखी उजवीकडं सरकला आणि बाबांना जायला वाट करून दिली. बाबा काही हलले नाहीत. काठी टेकून उत्तराची वाट पाहत राहिले.