एकाच आयसोटोपचं सिलिकॉन पॅनल थंड ठेवेल का?

प्रश्न : शेतात सोलार पंप आहे. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी पाणी कमी येतं. एकाच आयसोटोपचं सिलिकॉन उष्णता दसपट वाहून नेतं, असं वाचलं. तशी पॅनल मिळाली तर उपयोग होईल का?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : होणार नाही. दसपटीचा आकडा खरा आहे, पण तो उणे 250 अंश सेल्सिअसच्या आसपासचा. आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. नेहमीच्या सिलिकॉनमध्ये 92.2 टक्के अणू 28 वस्तुमानांकाचे (म्हणजे वजनाच्या आकड्याचे), 4.7 टक्के 29 चे आणि 3.1 टक्के 30 चे असतात. स्फटिकातून उष्णता नेतात त्या अणूंच्या कंपनलहरी. वाटेत वेगळ्या वजनाचा अणू आला की लहर विखुरते. कडाक्याच्या थंडीत तोच मोठा अडथळा असतो. आपल्याकडच्या तापमानाला मात्र लहरी एकमेकींवरच आदळतात, त्यामुळे 28 चं शुद्ध सिलिकॉन घेऊनही वाढ जेमतेम 10 टक्के. (2000 साली 60 टक्के वाढ मोजल्याचं प्रसिद्ध झालं होतं, ते पुढे दुरुस्त करावं लागलं. जुन्या लेखांत तो आकडा अजून सापडतो.)

मुळात पॅनलमध्ये उष्णता सिलिकॉनमुळे अडत नाही. सेल जेमतेम 0.18 मिलिमीटर जाड. त्याला चिकटलेला ईव्हीएचा (सेल काचेला जोडणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकचा) अर्धा मिलिमीटर थर उष्णतेला हजारपटीहून जास्त अडवतो, आणि काचेपासून हवेत जाताना त्याहूनही जास्त अडथळा.

शुद्ध सिलिकॉनमुळे सेलचा व्होल्टेज तरी वाढेल का, असं कोणी विचारेल. व्होल्टेज अवलंबून असतो बँडगॅपवर, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणाऱ्या किमान ऊर्जेवर. त्याचंही तसंच. शुद्ध 28 मुळे तो वाढत नाही, उलट सुमारे 0.1 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टने घटतो. तापल्यामुळे प्रत्येक सेलचा व्होल्टेज दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्ट उतरतो, त्यापुढे हे काहीच नाही.

सेल 70 अंशांवर गेला, तर 25 अंशांच्या तुलनेत 45 अंश जास्त. दर अंशाला 0.35 ते 0.4 टक्के घट धरली तर 16 ते 18 टक्के वीज गेली. नेमका गुणांक पॅनलच्या माहितीपत्रकात असतो. म्हणून पॅनलखालून वारा मोकळा खेळू द्या, खाली कडबा रचू नका. धूळ सकाळी धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते, आणि बोअरच्या क्षाराचे पांढरे डाग धरतात ते वेगळेच.

त्याआधी बोअरची पाणीपातळी मोजा. उन्हाळ्यात ती खोल गेली की तेवढ्याच विजेत पाणी कमी चढतं, आणि दोष उगाच पॅनलवर येतो.

शुद्ध 28 ची खरी गरज क्वांटम संगणकाला आहे. 29 च्या केंद्रकाला स्पिन असतो, म्हणजे ते इवल्याशा चुंबकासारखं वागतं; तो क्युबिटची (त्या संगणकात माहिती साठवणाऱ्या मूळ घटकाची) अवस्था बिघडवतो. 28 ला स्पिन नाही.