दुसऱ्या वर्षातच मेडिकलची हमी: अर्ज करण्याआधी काय तपासाल?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी बोस्टनजवळच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि तिचे ग्रेड चांगले आहेत. ती म्हणते, दुसऱ्या वर्षात अर्ज केला तर एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) न देताच मेडिकलची जागा पक्की होते. यांचा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आहे, मी आणि मुलगी एच-४ वर (त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत, ग्रीन कार्डची रांग संपायचं नाव नाही. तिला अर्ज करू द्यावा का?

उत्तर: ताई, मुलीचं डॉक्टर व्हायचं खरोखर ठरलं असेल तर जरूर करू द्या. मात्र तिच्या ग्रेडपेक्षाही आधी बघायची गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिली आहे: व्हिसा.

हिशेब असा. दुसऱ्या वर्षात अर्ज करताना मुलं एकोणीस-वीस वर्षांची असतात, आणि मेडिकलचा पहिला दिवस उजाडतो बाविसाव्या वर्षी. एच-४ एकविसाव्या वाढदिवसाला संपतो. म्हणजे अर्जाच्या वेळी ती एच-४ वर असेल आणि तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर प्रवेशाच्या वेळी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. अमेरिकेतली बरीच मेडिकल कॉलेजं, विशेषतः राज्य सरकारांची, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांना घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही एक ते चार वर्षांची फी आगाऊ एस्क्रो (पैसे राखून ठेवण्याच्या) खात्यात ठेवायला सांगतात. तेव्हा मुलीने कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ईमेलवर थेट विचारावं: ‘आज मी एच-४ वर आहे, प्रवेशाच्या वेळी एफ-१ वर असेन, माझा अर्ज चालेल का आणि दिलेली हमी तेव्हा टिकेल का?’ उत्तर लेखीच घ्या. फोनवरचं ‘काही अडचण येऊ नये’ इथे उपयोगाचं नाही. कोणतं कॉलेज परदेशी विद्यार्थी घेतं हे एएएमसी या अमेरिकी मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या यादीत कॉलेजवार दिलेलं असतं. वर्गणी भरावी लागते, पण ती भरण्यासारखी आहे.

एच-४ वरून एफ-१ वर येण्याचा आय-५३९ अर्ज एकविसाव्या वाढदिवसाच्या आत दाखल व्हावा लागतो. वाढदिवस ऐन सेमिस्टरमध्ये येत असेल तर सहा-आठ महिने आधीच वकिलाशी बोला. ग्रीन कार्डच्या अर्जात मुलीचं वय कसं मोजलं जाईल हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

आता मूळ योजनेकडे. आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. बारावीनंतर थेट आठ वर्षांचा प्रवेश मिळतो तो एक प्रकार, उदाहरणार्थ ब्राउन विद्यापीठाचा पीएलएमई; तुमच्या मुलीसाठी ती वेळ निघून गेली. दुसरा प्रकार ‘अर्ली डिसिजन’. त्यात नेहमीच्या फेरीत १ ऑगस्टपर्यंत एकाच कॉलेजला अर्ज करायचा, १ ऑक्टोबरपर्यंत निकाल लागतो, आणि तोवर दुसरीकडे कुठेही अर्ज करता येत नाही. तिथे एमकॅट लागतेच. मुलगी म्हणते तो तिसरा, ‘अर्ली अशुरन्स’: पदवीच्या दुसऱ्या, क्वचित तिसऱ्या वर्षात अर्ज करायचा आणि पदवी पूर्ण होताच त्या मेडिकल कॉलेजात जायचं.

यातही कुठला कार्यक्रम कोणासाठी आहे हे बघावं लागतं. जॉर्जटाऊन विद्यापीठाचा कार्यक्रम जॉर्जटाऊनच्याच विद्यार्थ्यांसाठी आहे. टफ्ट्सचा कार्यक्रम त्यांच्या स्वतःच्या आणि काही ठरावीक कॉलेजांच्या मुलांसाठी आहे. तुमची मुलगी बोस्टनजवळ असल्याने तिचं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी पाहा. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल कॉलेजचा फ्लेक्समेड मात्र इतर कॉलेजांच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही खुला आहे. विषय कोणताही चालतो आणि एमकॅट लागत नाही. त्याची सुरुवात १९८७ साली मानव्य शाखेच्या मुलांसाठी झाली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती मुलं पुढे मेडिकलमध्ये इतरांच्या बरोबरीने चालली असं दिसलं. मुलीला इतिहास किंवा संगीत शिकायचं असेल तर ‘मग मेडिकलचं काय?’ म्हणून अडवू नका.

एमकॅट नसते म्हणून रस्ता सोपा होतो असं मात्र नाही. सगळा भार पहिल्या तीन सेमिस्टरच्या ग्रेडवर येतो, आणि इथेच सर्वात जास्त मुलं अडकतात. समजा दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यापर्यंत ४८ क्रेडिट झाले आणि त्यांत विज्ञान-गणिताचे सहा विषय, म्हणजे २४ क्रेडिट. बाकी सगळीकडे ए, पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या चार क्रेडिटमध्ये एक सी पडला. एकूण जीपीए (ग्रेडची ४ पैकी सरासरी) ३.८३ राहतो, पण विज्ञानाचा ३.६७ वर येतो. अट ३.७ची असेल तर अर्ज तिथेच थांबला. तीच मुलगी तिसरं वर्ष संपवून, विज्ञानाचे ५६ क्रेडिट हाती असताना नेहमीच्या मार्गाने गेली, आणि बाकी सगळे ए असले, तर त्याच एका सीनंतर विज्ञानाचा जीपीए ३.८६ असतो. लवकर अर्ज करणाऱ्याला चूक भरून काढायला वेळच मिळत नाही. म्हणून पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री, बायोलॉजी आणि कॅल्क्युलस तिन्ही एकदम घेण्याचा हट्ट नको. कोर्स हाताबाहेर जातोय असं दिसलं तर विथड्रॉवलची शेवटची तारीख उलटायच्या आत सल्लागाराला भेटावं. ‘डब्ल्यू’ गुणपत्रिकेवर दिसतो आणि त्याचं कारण सांगावं लागू शकतं, पण एएमसीएएस या मेडिकल प्रवेशाच्या सामाईक अर्जाच्या सरासरीत तो धरत नाहीत.

एएमसीएएसचं गणित कॉलेजच्या गणिताहून वेगळं चालतं. कोर्स पुन्हा घेतला तर काही कॉलेजं जुना ग्रेड पुसतात. एएमसीएएस दोन्ही मोजतं. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एनरोलमेंट केलं असेल तर तो ग्रेडही त्यात येतो. अकरावीत हौसेने घेतलेला आणि बी-मायनसवर सोडून दिलेला कोर्स चार वर्षांनी असा पुढे उभा राहतो. एपीचे (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज पातळीच्या कोर्सचे) क्रेडिटही सगळीकडे धरत नाहीत. काही मेडिकल कॉलेजं म्हणतात, एपी बायोलॉजी असेल तर त्याऐवजी वरच्या पातळीचा बायोलॉजीचा कोर्स घ्या.

शिफारसपत्रांची तयारी पहिल्या वर्षीच करावी लागते. तीनशे मुलांच्या वर्गात मागे बसून ए मिळवलेल्या मुलीबद्दल प्राध्यापक दोन ओळींपलीकडे काय लिहिणार? ऑफिस अवर्सना नियमित जाणं, प्रयोगशाळेत काम मागणं हे लगेच सुरू व्हायला हवं. हॉस्पिटलमधल्या स्वयंसेवेसाठी टीबीची चाचणी, लसींचे कागद आणि पार्श्वभूमी तपासणी या सगळ्यात आठवडे जातात. सप्टेंबरमध्ये अर्ज केला की प्रत्यक्ष रुग्णांजवळ जायला हिवाळा उजाडू शकतो.

एच-४ मुळे इथे आणखी एक पेच आहे. मुलांना पगारी काम करता येत नाही, त्यामुळे स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा) किंवा ईएमटीची (रुग्णवाहिकेवरच्या तातडीच्या उपचारांची) पगारी नोकरी बंद. एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेच्या उन्हाळी आरईयू संशोधन योजना नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठीच असतात. प्राध्यापकाने प्रेमाने स्टायपेंड देऊ केला तरी आधी वकिलाला विचारा. हॉस्पिटलची नेहमीची बिनपगारी स्वयंसेवा आणि डॉक्टरांचं शॅडोइंग (सोबत राहून त्यांचं काम बघणं) एवढं नीट, सातत्याने केलं तरी पुरतं.

सुट्टीत पुण्या-नाशिकला मामा-काकांच्या हॉस्पिटलात जाण्यात गैर काही नाही. तिथे फक्त बघावं. ‘मी टाके घातले’ हे अर्जात वाचून समिती खूश होत नाही. प्रशिक्षण नसताना रुग्णाला हात लावला असाच त्याचा अर्थ घेतला जातो. परदेशातल्या अशा अनुभवांबद्दल एएएमसीची स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वं आहेत. शिवाय तीन आठवडे पुण्यात आणि इथे शून्य तास असा अर्ज लंगडा दिसतो.

जागा मिळाली तर पत्र शब्दन्‌शब्द वाचा. हमी सशर्त असते. किमान जीपीए टिकवायचा, ठरलेले विषय ठरलेल्या ग्रेडने पूर्ण करायचे, पदवी वेळेत घ्यायची. लॅब रिपोर्टमध्ये नक्कल सापडून शिस्तभंगाची नोंद झाली तर जागा जाऊ शकते. काही कार्यक्रमांत दुसऱ्या मेडिकल कॉलेजला अर्ज केला की हमी रद्द होते. तसं असेल तर चार कॉलेजांच्या स्कॉलरशिपची तुलना करण्याची संधी गेली, हे धरून चाला. मध्ये एक वर्ष थांबता येईल का, हेही पत्रात शोधा. आज मेडिकलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त मुलं पदवीनंतर किमान एक वर्ष थांबून जातात, आणि बाविसाव्या वर्षी तुमच्या मुलीलाही तसंच वाटू शकतं.

हमी जागेची असते, पैशांची नाही. बऱ्याच खाजगी मेडिकल कॉलेजांची नुसती फी वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होत आहे, आणि मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना केंद्र सरकारचं कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळेल. तेही नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि कायद्यात सांगितलेल्या मोजक्या इतरांना. एफ-१ वरच्या मुलीला खाजगी कर्ज काढावं लागेल, आणि त्यासाठी बहुधा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीनदार लागतो. तो कोण असेल हे आत्ताच ठरवा. ऐन वेळी नात्यातल्या कुणाला एवढ्या मोठ्या कर्जावर सही करायला सांगणं दोन्ही घरांना जड जातं.

नकार आला तर? सहसा नेहमीच्या फेरीत त्याच कॉलेजला पुन्हा अर्ज करता येतो, तेव्हा एमकॅट देऊन. त्यामुळे अर्ज पाठवल्यावर हात जोडून निकालाची वाट बघत बसू नये. तिने फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्री वेळेवर घ्यावी, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या वसंतात एमकॅटला बसता येईल. गावाकडे आजी-आजोबांना एवढंच सांगा, की दुसऱ्या वर्षाचा अर्ज हा पहिला प्रयत्न आहे. नाहीतर दर रविवारच्या फोनवर ‘मेडिकलला लागली का?’ हा प्रश्न मुलीलाच झेलावा लागेल.