कट्ट्यावर राजकारण बोलायचं असेल तर

नव्याने कट्ट्यावर येताय, तर सुरुवात पक्षापासून करू नका, रस्त्यापासून करा. बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, पुण्यात 2006 साली आली. तिचं काय चुकलं, हे विचारलंत की समोरचा अनुभव सांगतो. ‘तुम्ही कोणाला मत दिलंत?’ विचारलंत की तो बाजू लढवायला लागतो.

त्याचं म्हणणं पूर्ण ऐका, मग आपल्या शब्दांत परत मांडा: ‘म्हणजे काका, मेट्रोआधी बस वाढवायला हव्या होत्या, असंच ना?’ ते ‘हो, अगदी’ म्हणेपर्यंत आपलं मत काढायचं नाही. निम्मे वाद इथेच मिटतात, कारण आपण खोडत असतो ते बरेचदा त्यांनी म्हटलेलंच नसतं.

‘तुम्ही लोक’ हे दोन शब्द टाळाच. ‘भक्त’, ‘चमचे’ म्हटलंत की पुढचं कोणी ऐकत नाही. एका वेळी एकच मुद्दा घ्या. मेट्रोवरून थेट पंतप्रधानांवर उडी मारली की दोन्ही बोलणी वाया. आकड्यावर अडलं तर महापालिकेचं अंदाजपत्रक दोघांनी मिळून उघडा. आपला आकडा चुकला असेल तर तिथेच, सगळ्यांसमोर मान्य करा.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र उत्तर देऊच नका. तिथे माणूस तुमच्याशी नाही, बघणाऱ्या शंभर जणांशी बोलत असतो. संध्याकाळी खाली भेटा. आवाज चढला तर ‘यावर उद्या बोलू’ म्हणा आणि उद्या खरंच बोला. विषय कायमचा टाळलात तर माणूसही हळूहळू टळतो.

टिळक आणि रानडे सामाजिक सुधारणांवरून वर्षानुवर्षं जाहीर भांडले. 1901 मध्ये रानडे गेले, तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्या विद्वत्तेचा मनापासून गौरव केला.