जेसीबी मिळतो ओ, टाकायची जागा मिळत नाही

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि २०१९ चा ऑगस्ट डोळ्यासमोर उभा राहिला. नदीकाठच्या चार ग्रामपंचायतींनी मिळून जेसीबी-ट्रॉल्या लावायच्या, पुराचा राडारोडा एकत्र उचलायचा, डिझेल वाटून घ्यायचं म्हणताय. आम्ही पण तेच केलं होतं. मी तेव्हा करवीर तालुक्यातल्या एका गावात पंचायत सदस्य होतो (आता नाही, त्यामुळं कागदाचं ग्रामसेवकांना विचारूनच करा).

यंत्रं, भाडी, वर्गणी तुम्हाला कळतंच. मी जागेबद्दल बोलतो, कारण आम्ही तिथंच मेलो.

कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोका, त्या वर्षी पंचगंगा ५५ च्या वर गेली. पाणी उतरल्यावर गल्लीत पडलेल्या मातीच्या भिंती, कौलं, गाद्या, कुजलेला गहू आणि सगळ्यावर साबणासारखा गुळगुळीत गाळ. शेजारच्या गावचं गायरान उंचावर, तिथं टाकायचं असं त्यांच्या सरपंचांशी ठरलं. फोनवर! तीन ट्रॉल्या गेल्या, चौथीला बायका रस्त्यात आडव्या, तुमची घाण आमच्या दारात कशाला म्हणून. त्यांचं काय चुकलं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मग एका ऑफिसात गेलो. दोन्ही पंचायतींचे ठराव आणा म्हणाले. आणले तर म्हणे गायरानाचं आमच्याकडं नाही, पलीकडं जावा, आणि पलीकडचे साहेब पूरदौऱ्यावर. चार दिवस भरलेल्या ट्रॉल्या उभ्या, भाडं चालूच. शेवटी कंटाळून सगळं ओढ्याकाठच्या खोलगट पट्टीत ओतलं. मी पण होतो त्यात, नाही म्हणत नाही.

२०२१ च्या जुलैत नदी ५६ च्या वर गेली आणि तोच राडारोडा रस्त्याखालच्या मोरीत तुंबून ज्या गल्लीत २०१९ ला पाणी नव्हतं तिथं शिरलं. मोरीच्या तोंडात काय अडकलं होतं सांगू? आमच्या चुलत्यांचं निळं पिंप, वर ऑइलपेंटनं त्यांचं नाव. फुटलंय म्हणून मीच ते ट्रॉलीत टाकलेलं.

म्हणून जागेचं आत्ता उन्हाळ्यातच बघा. २०२१ च्या पूररेषेच्या वर पाहिजे आणि ज्यांची जागा त्यांच्या ग्रामसभेत ठराव पाहिजे, सरपंचाची मान हलली म्हणजे झालं असं नाही. गायरान पंचायतीच्या ताब्यात असलं तरी मालकी सरकारची, त्यामुळं चारी गावांचे ठराव जोडून थेट जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्या, अध्यक्ष कलेक्टरच असतात, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ३४ ला राडारोडा हलवायचे अधिकार त्यांना आहेत. आणि पोच घ्याच. जागा देणाऱ्या गावाला फुकटात राबवू नका, त्यांच्या पाणंदीला मुरूम तरी टाकून द्या, माझं स्पष्ट मत आहे.

भिंतीची माती वेगळी भरा, भरावाला कुणीही नेतं. त्यात कुजकं धान्य मिसळलं की कुत्रं विचारत नाही. प्रत्येक खेपेची चिठ्ठी फाडा, गाव, वेळ, ड्रायव्हरची सही, नाहीतर डिझेल वाटताना चार गावांची भांडणं ठरलेली. आपत्ती निधीच्या निकषात सार्वजनिक जागेतला राडारोडा येतो, म्हणून रस्त्यावरच्या आणि घरातल्या खेपा वेगळ्या लिहा.

आणि पोरांना गमबूट घालायला लावा ओ, आमच्या एकाच्या टाचेत पत्रा घुसला. लेप्टोच्या (घाण पाण्यातनं, चिखलातनं होतो तो लेप्टोस्पायरोसिसचा ताप) गोळ्यांचं आरोग्य केंद्रात आधी विचारा, मनानं खाऊ नका.