ई-कोलाय सगळ्याच कोंबड्यांच्या पोटात असतो, मग काही शेडमध्येच पक्षी का मरतात?

तुमचा प्रश्न बरोबर आहे, निरोगी पक्ष्याच्या आतड्यातही ई-कोलाय हा जंतू असतोच. पण सगळे सारखे नसतात. मारक वाणाकडे बहुधा कोलव्ही नावाचं जादा प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं सुटं कडं, असतं. शरीर लोह बांधून ठेवतं, ते हिसकावून घ्यायची आणि रक्तात तग धरायची जनुकं त्यावर असतात. मारक वाणांत ओ७८, ओ२, ओ१ हे गट नेहमीचे. झालं पुस्तकातलं.

आता आमचं ऐका. डिसेंबर, ५००० पक्षी. थंडीच्या भीतीनं दादानं पडदे वरपर्यंत ताणून बांधले. मी म्हटलं, वर हातभर फट ठेव. "पक्षी गारठले तर तू भरून देणार का?" त्यात पाणी पाजायचं एक निपल गळत होतं, खालचं तूस चिखल. विसाव्या दिवशी पहाटे शेडमध्ये पाय टाकला तर डोळ्यांना धारा लागल्या. दादा म्हणे, तुला सवय नाही! दोन दिवसांनी ४० मेले, मग ९०. डॉक्टरांनी ओट्यावरच पक्षी फाडला. हृदयावर आणि यकृतावर पिवळट थर, जाड सायीसारखा, चिमटीत धरला की सोलून येत होता.

ओल्या तुसातल्या विष्ठेतून अमोनिया वायू उठतो, त्यानं श्वासनलिकेतली लव लुळी पडते. मग धुळीतून, म्हणजे वाळलेल्या विष्ठेतूनच, आत गेलेला जंतू बाहेर ढकलला जात नाही, थेट हवेच्या पिशव्यांत उतरतो. दादा अजून म्हणतो, कंपनीनं पिल्लंच खराब दिली. परवा भाच्याच्या साखरपुड्यात पुन्हा तेच. अरे, त्याच गाडीतली पिल्लं शेजारच्या शेडला उतरली होती, तिथे मरतूक नेहमीइतकीच!

हां, हॅचरीतूनही जंतू येतो, नाभीवाटे. पण ती मर बहुतेक पहिल्या आठवड्यातच दिसते. मायकोप्लाझ्मा (श्वसनाचा आजार) किंवा गंबोरो (प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणूचा आजार) आधी होऊन गेला असेल तर मात्र शेड चांगली असली तरी ई-कोलाय मागोमाग येऊ शकतो. आणि कोलिस्टिन हे प्रतिजैविक सुचवणारे भेटतील, ते भारतात २०१९पासून पशुखाद्यात आणि पक्ष्यांना द्यायला बंद आहे.

तुम्ही एवढंच करा, शेडमध्ये उकिडवे बसा, पक्ष्याच्या उंचीला नाक आणा. झोंबलं की पडदा खाली घ्या, घरातला मोठा माणूस काहीही म्हणो.