‘फुल अँड फायनल’वर सही करू का?

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातला, मोठ्या कंटेनर बोटीवर एबी, म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी होतो. बोट लायबेरियाच्या झेंड्याची, महिन्यातून एकदा न्हावा शेवाला येते. सात महिन्यांपूर्वी कोलंबोला धक्क्याला लागायच्या आधीच पहाटे लॅशिंग, म्हणजे कंटेनर जखडणारे रॉड, सोडायला लावलं. वरून सुटलेला रॉड खांद्यावर आदळला. घरी पाठवलं. चार महिने आजारपणाचा पगार मिळाला, मग बंद झाला. हात खांद्यावर जात नाही. एजंट म्हणतो, पाच लाख घे आणि ‘फुल अँड फायनल’वर सही कर, नाहीतर पुन्हा बोट मिळणार नाही. काय करू?

उत्तर : सही करू नका.

एजंट दोन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधतोय. आजारपणाचा पगार १६ आठवड्यांनंतर थांबवायची मुभा सागरी कामगार करार २००६ हा आंतरराष्ट्रीय करार देतो. तुमच्या युनियनच्या करारात मुदत जास्त असू शकते, ते आधी पाहा. पण कायमच्या अपंगत्वाची भरपाई हा स्वतंत्र हक्क आहे. पगार थांबला म्हणून तो संपत नाही.

हा करार लायबेरियाने मान्य केलेला आहे, भारतानेही २०१५ मध्ये केला. नोकरीच्या करारात ठरलेल्या रकमेपेक्षा कमी घ्यायला खलाशावर दबाव आणायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. अपंगत्व किती हे लगेच ठरत नसेल तर हंगामी रक्कम द्यायची. आणि पैसे घेतल्याने निष्काळजीपणाबद्दल दावा करायचा तुमचा हक्क जात नाही. एजंटाच्या कागदावर ‘यापुढे कसलाही दावा नाही’ अशी ओळ असणार, तीच घातक. पैसे देणारा विमा क्लब, म्हणजे जहाजमालकांची विमा संस्था, कोणता, हे बोटीवर दर्शनी जागी लावलेल्या प्रमाणपत्रात असतं. बोटीवरच्या दोस्ताकडून त्याचा फोटो मागवा. क्लबाकडे थेट मागणी करता येते, मध्ये एजंट लागत नाही.

आता घाईची गोष्ट. अॅडमिरल्टी कायदा २०१७ प्रमाणे बोटीच्या कामात झालेल्या इजेचा बोजा त्या बोटीवरच बसतो, मालक बदलला तरी. पण एका वर्षात बोट कोर्टाकडून अटकवली गेली नाही तर तो बोजा उडतो. तुमचे पाच महिने उरलेत. बोट न्हावा शेवाला येते म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीत येते. ती आलीच नाही, तर त्याच मालकाची दुसरी बोट अटकवायचाही मार्ग असतो. मात्र तो बोजा त्या दुसऱ्या बोटीवर बसत नाही. २०२५ च्या मे महिन्यात एमएससी एल्सा ३ कोचीजवळ बुडाली. बुडालेली बोट अटकवून काय मिळणार? म्हणून केरळ सरकारच्या ९,५३१ कोटींच्या दाव्यात तिथल्या उच्च न्यायालयाने जुलैत विळिंजम बंदरात उभी असलेली एमएससी अकिटेटा २ अटकवली. तुमचा दावा त्यापुढे चिमूटभर, पण कायदा तोच. अशी बोट एक दिवस अडली तरी मालकाचं भाडं बुडतं, म्हणून बहुतेक वेळा जामिनाची रक्कम भरून ती सोडवली जाते आणि तुमच्या दाव्याला तारण मिळतं.

पुरावा मात्र आत्ताच गोळा करा. कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांच्या तक्त्याची तुमची प्रत मागा, ती तुमच्या हक्काची आहे. २४ तासांत किमान १० तास विश्रांती हा नियम. त्या तक्त्यात प्रत्येक खलाशी रोज दहा-दहा तास निवांत झोपलेला दिसतो. इतकी नियमित झोप तर मीही घेत नाही! पण बंदरात बोट कधी लागली, बोट बंदरात आणणारा पायलट कधी चढला या वेळा दुसरीकडेही नोंदलेल्या असतात. त्या रात्री तुम्ही दोन बंदरांच्या कामात जागे असाल तर तक्ता खोटा ठरतो, आणि धक्क्याला लागायच्या आधी लॅशिंग का सोडलं याचं उत्तर मालकाला द्यावं लागतं. अपघाताचा अहवाल आणि कोलंबोच्या डॉक्टरांचे कागदही हवेत. खांदा किती टक्के गेला हे कंपनीच्या नव्हे, तुमच्या पसंतीच्या हाडांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. नेमणूकपत्रात लवाद किंवा परदेशी कोर्टाचं कलम आहे का तेही बघून या, त्यावर पुढची वाट ठरेल.

राहिली ‘पुन्हा बोट मिळणार नाही’ ही धमकी. खलाशाला काळ्या यादीत टाकायला एजंटांना हाच करार मनाई करतो, आणि त्यांचा परवाना नौवहन महासंचालनालयाच्या हातात आहे. तक्रार तिथे करता येते. त्याआधी एजंटाला व्हॉट्सअॅपवर साधेपणाने विचारा, ‘सही नाही केली तर काय होईल?’ उत्तर आलं की स्क्रीनशॉट घ्या. फोन आला तर उचलू नका, लिहून कळवा म्हणावं.