कार्पेंटर्सची फारशी न वाजलेली गाणी: काय आहे त्यांत आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की ‘क्लोज टू यू’, ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ आणि ‘येस्टरडे वन्स मोअर’ ऐकून झाली, चांगली आहेत पण गोडमिट्ट वाटतात. मग कॅरन आणि रिचर्ड कार्पेंटर या अमेरिकी बहीण-भावाच्या बाकीच्या गाण्यांत जाणकारांना एवढं काय सापडतं?

गोडमिट्टपणाची तक्रार रास्त आहे. हिट गाणी रिचर्डने रेडिओच्या हिशेबाने घासूनपुसून चकचकीत केलेली आहेत. मागे राहिलेल्या गाण्यांत दोन गोष्टी मोकळ्या ऐकू येतात: कॅरनचा खर्जातला आवाज आणि तिचं ड्रमवादन. ती मुळात ड्रमर होती, हेच अनेकांना ठाऊक नसतं, कारण गाजलेल्या रेकॉर्डिंगांवर बहुतेक ठिकाणी हॅल ब्लेन हा स्टुडिओतला ड्रमर वाजवतो.

म्हणून पहिलं गाणं ‘धिस मॅस्करेड’ घ्या. लिऑन रसेलची रचना, १९७३ च्या ‘नाऊ अँड देन’ अल्बममधली. सिंगल (अल्बमबाहेर सुटी निघणारी रेकॉर्ड) म्हणून ते ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’च्या मागच्या बाजूला गेलं आणि तिथेच राहिलं. या अल्बमवर ‘जम्बालाया’ सोडून सगळीकडे ड्रम कॅरनचेच आहेत. एकदा शब्दांकडे लक्ष न देता फक्त ड्रम ऐका. कुठेही मिरवणं नाही, बॉब मेसेंजरच्या बासरीला आणि रिचर्डच्या पियानोला पुरेपूर जागा सोडलेली. मग दुसऱ्यांदा आवाज ऐका. ओळ खाली उतरते तिथे बहुतेक गायिकांचा आवाज पातळ होतो. हिचा तिथेच भरतो. भावगीतं ऐकून तयार झालेल्या कानाला हा संयम लगेच ओळखू येईल: सूर ताणून दुःख दाखवायचं नाही, शब्द सरळ ठेवायचा.

इथे एक व्यावहारिक अडचण येते. तिच्या खालच्या सुरांची मूळ कंपनं साधारण १५० ते १७० हर्ट्झच्या आसपास असतात आणि मोबाइलचा स्पीकर त्या पट्टीत जवळपास मुकाच असतो. सुरातली वरची, बारीक कंपनं ऐकू येतात, आवाजाचं वजन येत नाही आणि गाणं ‘नुसतं गोड’ वाटतं. त्यामुळे हेडफोन लावाच. मात्र बास वाढवणारी सेटिंग बंद ठेवा, नाहीतर जो ऑस्बर्नची बास गिटार पुढे येते आणि नेमका कॅरनचा आवाज झाकते.

त्यानंतर मागे, १९७०च्या ‘क्लोज टू यू’ अल्बमकडे या. शीर्षकगीत सगळ्यांना माहीत. ‘क्रेसेंट नून’ कुणी वाजवत नाही. रिचर्डची चाल, त्याचा गीतकार मित्र जॉन बेटिसचे शब्द, उदास आणि संथ. कॅरन आणि रिचर्ड कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कॉलेजात फ्रँक पूलर यांच्या कॉयरमध्ये (समूहगायनाच्या वृंदात) गायले होते, ती तालीम इथे उघड दिसते. मागचा समूहस्वर हा समूह नाहीच, हे दोघंच आहेत: चार सुरांची संगती, प्रत्येक सूर तीनदा ध्वनिमुद्रित केला की झाले बारा आवाज. एकाच घरातले, एकाच धाटणीचे दोन गळे असल्यामुळे ते इतके एकजीव होतात. याच अल्बमच्या शेवटी ‘अनदर साँग’ आहे. निम्मं गाणं झाल्यावर शब्द संपतात आणि बहीण-भाऊ चक्क जॅझ वाजवत सुटतात. त्यांना ‘मिळमिळीत’ म्हणणाऱ्यांना मी हे गाणं सुचवतो. ‘मिस्टर गूडर’ही ऐका. डिस्नीलँडमध्ये गाणी वाजवण्याच्या नोकरीवरून रिचर्ड आणि बेटिसला काढून टाकलं होतं. तिथल्या वरिष्ठावर काढलेला हा राग आहे, पण इतक्या सुरेल आवाजांत की टोमणा कळायला वेळ लागतो.

एकच अल्बम सलग ऐकायचा असेल तर १९७५चा ‘होरायझन’. साधारण ३५ मिनिटांचा, २४ ट्रॅकवर (म्हणजे २४ वेगवेगळ्या पट्ट्यांवर) ध्वनिमुद्रित केलेला, आणि माझ्या मते कॅरनचा आवाज इतका जवळून दुसरीकडे पकडलेला नाही. ओळ सुरू होण्याआधीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. सुरुवातीचं ‘ऑरोरा’ आणि शेवटचं ‘इव्हनटाइड’ यांची चाल एकच, शब्द वेगळे, एक पहाटेचं तर एक संध्याकाळचं. शफल लावून ऐकलंत तर ही रचना हातची जाते. मधलं ‘लव्ह मी फॉर व्हॉट आय अ‍ॅम’ चुकवू नका.

१९७७चा ‘पॅसेज’ हा त्यांचा सगळ्यात विचित्र अल्बम. रिचर्डने लिहिलेलं एकही गाणं त्यात नाही. त्यात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद वाजवतो, पण करारामुळे नाव देता येईना म्हणून कव्हरवर ‘ओव्हरबजेट फिलहार्मोनिक’ छापलं. ‘ब्वाना शी नो होम’ वाद्यवृंदासाठी ऐकण्यासारखं, शब्द आज खटकतात. पण ‘आय जस्ट फॉल इन लव्ह अगेन’ सिंगल म्हणून त्यांनी काढलंच नाही आणि १९७९मध्ये गायिका अ‍ॅन मरेने ते गाजवलं. दोन्ही लागोपाठ ऐका, मग काय हातचं गेलं ते कळेल.

कॅरन ४ फेब्रुवारी १९८३ ला गेली. पेटीत राहिलेली गाणी नंतर आली: ‘व्हॉइस ऑफ द हार्ट’ अल्बमवरचं ‘ऑर्डिनरी फूल’ १९७६ सालातलं, ‘लव्हलाइन्स’ अल्बमवरचं ‘व्हेअर डू आय गो फ्रॉम हिअर’ १९७८ सालातलं. ‘नाऊ’ हे एप्रिल १९८२चं, तिचं शेवटचं ध्वनिमुद्रण.

आवृत्तींचा घोळ मात्र सांभाळा. रिचर्डने ऐंशीच्या दशकापासून जुनी गाणी पुन्हा मिक्स केली, कुठे पियानो नव्याने वाजवला, कुठे घुमारा वाढवला. संकलनांत बहुधा तेच असतं. ‘टिकेट टू राइड’ तर १९७३च्या संकलनासाठी गायन आणि ड्रम नव्याने करून घेतलेलं आहे. १९६९चं मूळ ऐकायचं असेल तर पहिल्या अल्बममधूनच घ्या. शोधताना गाण्याऐवजी अल्बमचं नाव आणि साल टाका. निर्माता फिल रामोनने केलेला कॅरनचा एकटीचा अल्बम १९७९-८०मध्ये तयार होऊनही १९९६मध्ये बाहेर आला. त्यातलं ‘इफ आय हॅड यू’ ‘लव्हलाइन्स’वरही आहे, पण रिचर्डच्या मिक्समध्ये. आधी १९९६चं ऐका.

‘गूफस’, ‘पियानो पिकर’, ‘ड्रुसिला पेनी’ आणि ‘मॅन स्मार्ट, वुमन स्मार्टर’ आधी लावू नका. त्यांवरून मत बनवलंत तर तुमची गोडमिट्टपणाची तक्रार पक्की होईल.